गुणपत्रिकेबाहेरचे शिक्षण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या सायंकाळी प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ह्या सभेत मी चार अभिनंदनपर शब्द बोलावेत, अशी महोत्सव समितीची आज्ञा झाली. अभिनंदन तर मी करणारच आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या ह्या मुलामुलींनी रात्री जागविल्या आहेत, आणि त्यांच्या मातापित्यांनी त्यांच्यासाठी पोटाला चिमटा घेतला आहे, हे मी जाणतो. त्यांच्या यशाला उणेपणा आणण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. परंतु पन्नासाव्या वर्षी शहाणा मनुष्य जसा आपला जमाखर्च मांडून पाहतो, तसा संस्थेनेही तो पाहिला पाहिजे. आणि मी तो पाहू लागलो तेव्हा आपल्या देण्याच्या बाजूस एक रक्कम अशी दिसली की, ती आपण वहीत कधी लिहिलीच नव्हती. त्या देण्याविषयी मला आज बोलावयाचे आहे, आणि त्याचा आरंभ मी स्वतःच्या एका चुकीपासून करणार आहे.

सन २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-विरारचा परिसर कसा जलमय झाला होता, हे आपल्यापैकी कोणीही विसरला नसेल. आगगाड्या थांबल्या, वीज गेली, मिठागरांत माणसे अडकून पडली. मी त्या वेळी ह्याच तालुक्यातील दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. देवळाच्या मागच्या आळीत अकरा घरांत पाणी शिरले होते आणि पाऊस थांबल्यावरही ते उतरेना. थोर माणसे ओटीवर उभी राहून महानगरपालिकेला दूरध्वनी करीत होती. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "काका, पाणी इथं तुंबलेलं नाही. नव्या रस्त्याखालची मोरी बुजली आहे. पलीकडच्या बावखलाचा पाट तिथूनच जात होता." त्याचे म्हणणे प्रथम कोणी मनावर घेतले नाही. अखेरीस तोच एक पहार आणि दोन मित्र घेऊन गेला. छातीइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी मोरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा आणि केळीचे खुंट ओढून काढले. दिवस मावळण्याच्या आत आळीतील पाणी उंबऱ्याखाली गेले.

हे त्याला कसे ठाऊक होते? त्याच्या आजोबांबरोबर तो लहानपणापासून वाडीतील बावखलाचा गाळ काढीत असे. कोणत्या बावखलाचे जास्तीचे पाणी कोणत्या पाटाने कोठे जाते, भरतीच्या वेळी खाडीचे पाणी कोठपर्यंत चढते, हे त्याला तोंडपाठ होते. जी विद्या आपल्या पूर्वजांनी ही गोड्या पाण्याची तळी खणताना कमावली, ती त्या मुलाच्या अंगात उतरली होती.

त्यानंतर महिनाभरातच पंधरा ऑगस्ट आला. मिस्सा झाली, ध्वजवंदन झाले आणि प्रथेप्रमाणे दहावीच्या परीक्षेत पंचाहत्तर टक्क्यांवर गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार झाला. तो मुलगा त्याच वर्षी दहावी झाला होता, बेचाळीस टक्क्यांनी. सत्काराच्या वेळी तो व्यासपीठामागे ध्वनिक्षेपकाची तार ओढीत होता. त्या आळीतील एक वृद्ध मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "फादर, त्या पोराचं नाव कसं नाही वाचलं?" मी घाईत होतो. मी उत्तर दिले, "मावशी, त्याचे टक्के बसत नाहीत."

हे वाक्य माझ्या तोंडून गेले, आणि त्या माउलीने मान डोलावली. जणू काही मी एखादे शास्त्रवचनच सांगितले होते. मुलाने ते ऐकले की नाही, हे मला आजपर्यंत कळलेले नाही.

मागील पावसाळ्यात तो मला भेटावयास आला. आता तो पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली काम करतो. एका मोठ्या वसाहतीत पाणीपुरवठ्याच्या देखभालीची जागा निघाली होती. अर्जासोबत काय जोडावे हे विचारण्यास तो आला होता. "फादर, मला काम येतं," तो म्हणाला, "पण मला काम येतं असं सांगणारा कागद माझ्याजवळ एकच आहे, आणि त्यावर बेचाळीस लिहिलं आहे." मी त्याला म्हटले, "मी तुला पत्र देतो." आणि त्या रात्री पत्र लिहावयास बसलो तेव्हा माझी खरी फजिती झाली. 'हा मुलगा होतकरू, सुशील व कष्टाळू आहे' ह्यापुढे माझी लेखणी जाईना. असली पत्रे मी शेकडो लिहिली आहेत. ती कोणाच्याही नावे चालतात, आणि म्हणूनच कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. मग मी त्याच्या आजोबांकडे गेलो, आळीतील दोन घरांत बसलो, त्याच्या कारागिराला विचारले. तीन संध्याकाळी गेल्या, तेव्हा कोठे पत्र झाले. त्यात मी एवढेच लिहिले की, ह्याने अमुक वर्षापासून अमुक बावखलांचा गाळ काढण्याचे काम केले, पुराच्या दिवशी तुंबलेल्या पाण्याचे कारण ह्याने बरोबर ओळखले, अमुक प्रकारचे पंप हा स्वतः उघडून पुन्हा जोडतो, आणि वीजजोडणीचे काम मात्र अद्याप शिकत आहे. शेवटचे वाक्य त्यानेच घालावयास लावले. त्या पत्राने त्याचे काम झाले की नाही, ते अजून त्याच्याकडून कळलेले नाही.

श्रोतेहो, वर्गाच्या चार भिंतींबाहेर मिळविलेल्या विद्येची दखल घ्यावी, हा विचार काही आजचा नव्हे. आपल्या वसईचेच उदाहरण घ्या. संत गोन्सालो गार्सिया ह्याच भूमीत जन्मले, तरुणपणीच मिशनरींबरोबर जपानला गेले आणि तेथील लोकांत वावरून, पुढे व्यापार करून, ती कठीण भाषा त्यांनी आत्मसात केली. त्या विद्येचे प्रमाणपत्र त्यांना कोणी दिलेले नव्हते. परंतु १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन संन्याशांचे शिष्टमंडळ हिदेयोशीच्या दरबारी गेले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांनाच पुढे व्हावे लागले. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना हौतात्म्य प्राप्त झाले, हे आपण सर्व जाणताच. त्यांच्या पवित्रतेचे गुणगान आपण दर वर्षी करतो. त्यांच्या ह्या बाजारात शिकलेल्या भाषेकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

संत जॉन बॉस्को ह्यांचे तर सारे जीवनच ह्या विषयाचे भाष्य आहे. इटलीतील तुरीन शहरात खेड्यांतून आलेली पोरे बांधकामावर आणि कारखान्यांत राबत असत. त्यांना जवळ करून त्यांनी खेळ, संगीत आणि हस्तव्यवसाय ह्यांना धर्मशिक्षणाच्या बरोबरीने स्थान दिले. १८५२ सालचा एक करारनामा उपलब्ध आहे. सुतारकाम शिकणाऱ्या एका मुलाच्या वतीने त्यावर मालकाची, मुलाची, त्याच्या बापाची आणि स्वतः बॉस्कोंची सही आहे. मुलाला शिस्त लावावयाची ती शब्दांनीच, अशी मालकावर त्यात अट घातलेली आहे. उमेदवाराचे शिकणे ही लिहून ठेवण्याजोगी आणि सही करण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या धर्मगुरूने पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखले. माझ्यासारख्याला ते ओळखण्यास एक पूर यावा लागला.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्या दोन विदुषींनी जे कार्य केले तेही येथे आठवते. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे चारावयास जातात, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हे तिचे नाव. मुलांच्या कामाला शाळेचा शत्रू न मानता शाळेनेच त्याच्या वाटेवर जाऊन बसावे, ही केवढी विनम्र कल्पना! ती लहान मुलांची शाळा होती खरी. पण आपल्या माध्यमिक शाळांनी तिच्यापासून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

परदेशांतही हा प्रयत्न झाला. बेडन-पॉवेल ह्यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. गाठी बांधणे, चूल पेटविणे, जखम बांधणे, ह्या प्रत्येक कौशल्याचे निराळे चिन्ह बाहीवर लागते. पुढे कुर्ट हान नावाच्या शिक्षकाने स्कॉटलंडमधील आपल्या शाळेत एक योजना आखली आणि तिच्यातूनच १९५६ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरोच्या नावाचे पारितोषिक निघाले. त्यातील एक नियम मला फार मोलाचा वाटतो. त्यात पहिला, दुसरा, तिसरा नाही. सेवा, शरीरसाधना, एखादे कौशल्य आणि साहसयात्रा ह्या चार अंगांनी मुलाने कालच्या स्वतःपेक्षा आज पुढे जावयाचे. शेजाऱ्याला मागे टाकावयाचे नाही. आपल्या सत्कारसभेत हा नियम लावला तर निम्मी भाषणे गळून पडतील, माझीही.

आता आपल्या सरकारी व्यवस्थेकडे वळू. तिने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा, मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धा, लोककला ह्यांबद्दल दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्याची सोय आपल्या राज्यात झाली. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ पासून आहे, आणि तिची प्रमाणपत्रे पुढे उपयोगी पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'समग्र प्रगतिपत्रका'ची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांनी एकमेकांचे मूल्यमापन करावे असे सांगितले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असेही त्यात सुचविले आहे. २०२३ च्या श्रेयांक आराखड्यात तर शिकण्याचे तास मोजून श्रेयांक देण्याची रीत घालून दिली. वर्षाच्या बाराशे तासांना चाळीस श्रेयांक, आणि त्या तासांत खेळ, कला, समाजसेवा हेही येऊ शकतात.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि एक धोका मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाच्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा मुलांच्या आवडीनिवडी, त्यांची वृत्ती, त्यांचे कलागुण ह्या सर्वांना श्रेणी मिळू लागली. हेतू उदात्त होता. परंतु थोड्याच काळात प्रकल्पांच्या तयार वह्या दुकानांत विकत मिळू लागल्या, बापाने रात्री जागून मुलाचे 'स्वनिर्मित' प्रतिरूप चिकटवावे असे घडू लागले, आणि २०१७ मध्ये ती पद्धती मागे घेतली गेली. वाढीव गुणांचेही असेच. ज्या मुलीला चित्रे काढणे म्हणजे श्वास घेणे होते तिला ते गुण शोभले. परंतु ज्याने रंगाची पेटी परीक्षेपुरती उघडली आणि निकालानंतर कायमची मिटली, असाही विद्यार्थी मला ठाऊक आहे. ज्या गोष्टीला गुण चिकटतात तिची शिकवणी निघते, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे. सेवेचे गुण ठेवाल तर सेवेचेही वर्ग निघतील, आणि तेथे शुल्क आकारून रुग्णालयात फळे वाटतानाचे छायाचित्र काढून मिळेल!

म्हणून माझे म्हणणे असे की, धर्मग्रामाने गुण देण्याच्या भानगडीत पडू नये. गुण देण्यास मंडळ समर्थ आहे. मंडळाला जे साधत नाही ते आपल्याला साधते. मंडळ मुलाला पाहत नाही, आपण पाहतो. रोज पहाटे अभ्यासापूर्वी वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडून, मापून, मुंबईला जाणाऱ्या टोपलीचा हिशेब लिहिणारी मुलगी कोणत्या घरात आहे, हे तिच्या शेजारणीला माहीत असते. गायकवृंदात कानाने पेटी शिकलेला मुलगा कोणता. आजीच्या तोंडची लग्नगीते आपल्या बोलीत जशीच्या तशी टिपून ठेवणारी कोण. मासळी सुकविताना ऊन आणि वारा पाहून 'आज पसरू नका' असे सांगणारा कोण. रविवारी लहानांना धर्मशिक्षण देताना ज्या एका मंदबुद्धी म्हटलेल्या पोराला सर्वांनी सोडून दिले त्याच्याजवळ बसून राहणारी कोण. हे सारे आपल्यापैकी कोणा ना कोणाला ठाऊक आहे. ते लिहून ठेवावे, इतकीच माझी मागणी आहे. आणि जो लिहील त्याने जे पाहिले तेवढेच लिहावे. 'सर्वगुणसंपन्न' हा शब्द त्या वहीत येऊ नये.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पालक म्हणतील, "फादर, हे सारे ठीक, पण अकरावीचा प्रवेश टक्क्यांवर मिळतो." खरे आहे. मी परीक्षेला पाठ फिरविण्यास सांगत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला गणिताची गोडी कोणी लावली असती, पाटाच्या उतारावरून त्याला प्रमाण शिकविले असते, तर त्याचे बेचाळीसही वाढले असते अशी माझी खात्री आहे. वर्गात त्याला पाण्याविषयी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. ह्यात कोणा एका शिक्षकाचा दोष नाही. साठ मुलांच्या वर्गात तो बिचारा काय काय विचारणार? परंतु बाहेरची ही नोंद जर शाळेपर्यंत पोहोचली तर तिचा उपयोग अभ्यासालाही होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो माझ्याच मनात उठला. एक मुलगी मला माहीत आहे. तिची आजी दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळविणे, साखरेचे प्रमाण तपासून इन्शुलिनची सुई टोचणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, हे सर्व ती नववी-दहावीत असताना करीत होती. परिचारिकेच्या अंगी असावे असे कौशल्य तिच्या हाती आले. त्याची नोंद व्हावी की नाही? अवश्य व्हावी. परंतु त्याच घरात तिच्याहून मोठा भाऊ होता, आणि त्याला पाण्याचा तांब्या उचलावा लागला नाही, कारण 'त्याचा अभ्यास' होता. आपण जर व्यासपीठावरून केवळ तिच्या त्यागाचे गोडवे गायिले, तर उद्या दहा घरांतील मुलींना तोच त्याग करावयास लावण्याचे पाप आपल्या माथी येईल. कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या कामात हातभार लावावयाचा तो शाळेचे तास सोडून किंवा सुटीत, अशी मर्यादा घातलेली आहे. तेव्हा मुलीने काय शिकले हे लिहिताना तिचे काय बुडाले, हेही त्याच पानावर लिहावे लागेल. हे आई-बापांना आवडणार नाही. तिच्या बापाशी मी ह्याविषयी बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "फादर, हा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता." यंदा ती परिचर्येच्या शिक्षणाला गेली आहे आणि आजीची उस्तवार भाऊ करतो, वाईट करतो, असे आजीचे मत आहे.

आणखी एक गोष्ट. काही मुले अशी असतात की त्यांना आपले नाव पुकारलेले आवडत नाही. दान गुप्तपणे करावे अशी प्रभूची शिकवण आहे, आणि त्या मुलांनी ती आपल्यापेक्षा अधिक मनावर घेतली असेल. त्यांची परवानगी विचारल्याशिवाय वहीत एक अक्षरही लिहू नये. परंतु तोच प्रभू देवळाच्या दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतो ते पाहत होता, आणि गरीब विधवेचे नाणे त्याने शिष्यांना बोलावून दाखविले, हेही आपण विसरू नये. त्याने तिला ढाल दिली नाही, शाल दिली नाही. पण तिचे नाणे कोणाच्याही नजरेतून निसटू दिले नाही.

महोत्सव समितीशी बोलून ठरले ते असे. येत्या रविवारपासून धर्मग्रामाच्या कार्यालयात एक जाड नोंदवही ठेवली जाईल. आठवी ते बारावीच्या कोणत्याही मुलामुलीविषयी, मग ते पहिल्या रांगेतील असो वा खुर्च्या मांडणारे असो, ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याने लिहावयाचे: काय केले, किती काळ केले, कोणाकडून शिकले, काय अद्याप येत नाही. शेवटी लिहिणाऱ्याची सही. जवळच्या नातलगाने लिहिले असेल तर शेजारच्या घरातील एकाची आणखी सही लागेल. क्षमा करा, पण आपण सर्व माणसेच आहोत. ज्याला शिकविले त्या कारागिराने, माळ्याने, कोळ्याने, गायनशिक्षकाने लिहिले तर उत्तमच. मुलाला नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी कागद हवा असेल तेव्हा त्या पानावरून मी पत्र तयार करीन आणि त्यावर धर्मग्रामाची मुद्रा उमटवीन. वर्षाच्या शेवटी त्या वहीतून आपण मोठ्याने वाचू, क्रमांक न लावता. आणि वाचनाचा क्रम आडनावावरून नव्हे, ज्या क्रमाने पाने लिहिली गेली त्याच क्रमाने राहील.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी संकोच करू नये. त्यांनी येऊन सांगावे. दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दोन तास अकरावीतील चार विद्यार्थी सांगितलेले लिहून घेण्यासाठी बसतील. आजीबाईंनी आपल्या बोलीत सांगितले तर बोलीतच लिहावे, अशी मी त्यांना ताकीद दिली आहे. पहिले पान मी स्वतः लिहिणार आहे. ते ह्या धर्मग्रामातील मुलाचे नाही, परंतु समितीने एवढी सवलत मला दिली आहे. आणि दुसऱ्या सहीसाठी त्या आळीतील मावशींना मी निरोप पाठविला आहे.